मलम की क्रीम? लहान मुलाच्या एक्झिमासाठी रोजचं मॉइश्चरायझर निवडताना

एक्झिमा म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजरे चट्टे उठण्याचा विकार. तो असलेल्या मुलाला स्टेरॉइड कोणतं लावायचं, किती दिवस लावायचं, हे डॉक्टर सांगतात. रोज अंगभर चोपडायचं मॉइश्चरायझर मात्र बहुतेकदा आईवडिलांवर सोडलेलं असतं, आणि दुकानात उभं राहिलं की तिथेच डोकं चालेनासं होतं. माझ्या मुलीसाठी लोशन, जेल, क्रीम, मलम असे सगळे प्रकार घरात येऊन गेले. खरी निवड शेवटी क्रीम आणि मलम यांच्यातच उरते असं मला वाटतं, म्हणून बाकीच्यांचं थोडक्यात उरकतो.

लोशन पसरतं छान, पण त्यात पाणीच जास्त. कोपराच्या आतल्या बाजूला खरखरीत चट्टे उठलेले असले की थोड्या वेळाने हात फिरवून पाहा, काही लावलं होतं असं वाटणारही नाही. ज्यांच्या मुलांची त्वचा नुसतीच कोरडी असते त्यांचं लोशनवर भागत असेल. आमचं भागलं नाही. जेलची गत जवळपास तीच.

आता क्रीम. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ते चटकन जिरतं, कपड्यांना फारसं लागत नाही, सकाळच्या घाईत लावून मुलाला लगेच गणवेश घालता येतो. उकाड्यात अंग चिकचिकत नाही. पंपाची बाटली असेल तर आत बोटं जात नाहीत, म्हणजे स्वच्छतेचाही प्रश्न मिटला. वापरायला सोपं काय एवढंच विचारलंत, तर मी क्रीमच म्हणेन.

पण क्रीम झोंबतं. सगळ्यांना नाही, नेहमी नाही. पण रात्री खाजवून घोट्याच्या पुढच्या घडीत बारीक भेगा पडलेल्या असतात, तिथे सकाळी क्रीम टेकलं की मुलगी पायाची बोटं आत वळवून पाय ओढून घ्यायची आणि “बाबा, फुंकर घाला” म्हणायची. मी फुंकर घालायचो, आग मिनिटाभरात थांबायचीही. मात्र पुढे पुढे पंपाचा आवाज आला की ती दोन्ही हात काखेत दाबून बसायला लागली. दिवसातून दोनदा लावायची गोष्ट एकदाच लावली जाऊ लागली, तीही रडारड करून. इतर सगळ्या बाबतींत क्रीम बरं असूनही माझा कौल फिरला तो इथे.

झोंबण्याचं कारण समजण्यासारखं आहे. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचं मिश्रण. ते फुटू नये म्हणून त्यात इमल्सिफायर घालावा लागतो, आणि पाणी आलं की जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्वेटिव्ह. धडधाकट त्वचेला यातलं काही जाणवत नाही, भेगाळलेल्या त्वचेला जाणवतं. साध्या पॅराफिनच्या मलमात, म्हणजे पेट्रोलियम जेलीच्या जातीतल्या, पाणीच नसतं. त्यामुळे या दोन्हींची सहसा गरज पडत नाही. घटकांची यादी एक-दोन नावांत संपते. मलम म्हटलं म्हणजे सगळंच निर्धोक असंही नाही. काहींत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, असतं, आणि एखाद्या मुलाला त्याची अॅलर्जी असू शकते. सुगंध घातलेलं काहीही, मग ते मलम असो की क्रीम, मी घरात घेत नाही.

माझ्या एका मुलीवरून सगळ्यांना सांगणं बरं नव्हे, म्हणून एका अभ्यासाचं सांगतो. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची थेट तुलना झाली. निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. एक्झिमा आटोक्यात ठेवण्यात चारही प्रकार सारखेच निघाले. म्हणजे मलम “जास्त गुणकारी” असं मी म्हणू शकत नाही, आणि म्हणतही नाही. फरक दिसला तो झोंबण्यात: मलम वापरणाऱ्यांपैकी सुमारे 9 टक्के मुलांना झोंबलं, क्रीममध्ये 17, जेलमध्ये 19 आणि लोशनमध्ये 20 टक्के. गुण सारखाच येणार असेल, तर मूल जे मुकाट्याने लावून घेतं ते घ्यावं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मलमाचा जाच वेगळा. उशीचे अभ्रे तेलकट होतात आणि धुऊनही पुरते निघत नाहीत. हात निसरडे होतात, पेन्सिल धरता येत नाही, म्हणून शाळेच्या वेळी तळहातांना मी मलम लावत नाही. उन्हाळ्यात जाड थर दिला तर घाम अडकून उलट खाज वाढते. रगडून लावलं तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. केस ज्या दिशेने वळलेले असतात त्याच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने ओढायचं. डबीत बोटं घालायची नाहीत, स्वच्छ चमच्याने काढून घ्यायचं. आणि एक गोष्ट क्रीमलाही लागू आहे: मॉइश्चरायझर मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेट घेतात, तेव्हा गॅस, मेणबत्ती, सिगारेट यांपासून मूल लांबच हवं.

प्रकार कोणताही घ्या, हात आखडता घेऊ नका. अंगभर एक्झिमा असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागू शकतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर आपण कमी लावतो आहोत असं समजायला हरकत नाही. आंघोळ कोमट पाण्याने, आटोपशीर. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच लावायचं. आंघोळीच्या पाण्यात घालायची तेलं मात्र मी बंद केली. ब्रिटनमध्ये 483 मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला त्यांचा वेगळा फायदा दिसला नव्हता. ते पैसे मलमात घालावेत.

लालबुंद, सुजलेला चट्टा नुसत्या मलमाने विझत नाही. तिथे डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड धास्ती न घेता, सांगितलं तेवढं लावावं. मॉइश्चरायझर आणि ते यांच्यात थोडं अंतर ठेवावं. पिवळी खपली धरली, पाणी सुटू लागलं, किंवा ताप येऊन बारीक, दुखऱ्या फोडांचा पुंजका उठला, तर मलम की क्रीम हा प्रश्नच उरत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

आमच्याकडे आता रात्री सगळीकडे मलम असतं, आणि सकाळी त्वचा जिथे धड आहे तिथे क्रीम. तुमच्या मुलाला क्रीम झोंबत नसेल तर त्याच्यावर खुशाल राहा, बदलायचं काही कारण नाही. दोन्ही घेणं जमत नसेल आणि मुलाला भेगा पडत असतील, तर मी मलमापासून सुरुवात करेन. आधी छोटी डबी आणून हाताच्या आतल्या बाजूला, चट्टा नाही अशा जागी, थोडे दिवस लावून पाहावं आणि मग मोठी घ्यावी.