स्पोर्ट्स कारला सस्पेन्शन कोणतं घ्यावं, स्टँडर्ड की स्पोर्ट?

स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटल्यावर स्पोर्ट सस्पेन्शन हवंच, असं बहुतेकांना वाटतं. मी म्हणेन, जरा थांबा.

स्पोर्टमध्ये स्प्रिंग कडक, डँपर (म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घट्ट आणि गाडी थोडी खाली बसलेली. पोर्शे ९११ कॅरेरात हा फरक १० मिलिमीटरचा आहे. ऐकायला किरकोळ, पण गतिरोधकावर पुढचा बंपर खालून खरवडला की कळतो. बदल्यात जे मिळतं ते मात्र फार सुंदर आहे. स्टिअरिंग वळवताक्षणी गाडीचं नाक वळतं, गाडी फारशी कलत नाही, जोरात ब्रेक दाबला तरी पुढे झुकणं कमी. गुळगुळीत ट्रॅकवर याला तोड नाही.

आता तीच गाडी खडबडीत रस्त्यावर आणा. वळणाच्या मधोमध उंचवटा येतो, कडक स्प्रिंग तो पचवत नाही, चाक क्षणभर हलकं होतं आणि गाडी बाहेर सरकते. आपला पाय आपसूक अ‍ॅक्सिलरेटरवरून उठतो. स्टँडर्डमध्ये चाक त्या उंचवट्यावरून खाली-वर होतं आणि टायर रस्ता धरून राहतो. म्हणूनच अशा रस्त्यावर मऊ गाडी प्रत्यक्षात जास्त वेगाने जाऊ शकते. अनेकांना हे पटत नाही, पण शेवटी रस्ता धरतो तो टायरच.

दिसायला स्पोर्ट उजवं, वादच नाही. काही गाड्यांत बटणाने डँपर मऊ करता येत असले, तरी स्प्रिंग तीच कडक राहते.

नेमाने ट्रॅकवर जात असाल तर स्पोर्ट घ्या. बाकीच्यांनी स्टँडर्ड घ्यावं आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घालावेत.