अठरा व्होल्टची ड्रिल, अकरा महिने आणि चार दिवे

ड्रिलबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. माझं काम पडदे आणि ब्लाइंड्स बसवायचं. अकरा महिन्यांत मशीन दोनदा स्टुलावरून पडलं, तरी चक, म्हणजे बिट पकडणारं तोंड, अजून घट्ट आहे. तक्रार बॅटरीची. खरं तर तिच्यावर नसलेल्या चार दिव्यांची.

याच कंपनीच्या चार एएचच्या (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी पॅकवर बटण दाबलं की किती चार्ज उरलाय ते दिसतं. माझ्या दोन एएचवर साधा ठिपकासुद्धा नाही. कितीचे येतात हो चार एलईडी? बाणेरला एका नव्या फ्लॅटमध्ये ब्रॅकेटची तीन भोकं पाडली आणि चौथ्याला बिट निम्मं आत असताना मशीन गप्प. दुसरा पॅक भरलेला समजून नेला होता, तोही उतरलेला. फ्लॅटला मीटर बसायचा होता, म्हणजे चार्जर लावायचीही सोय नाही. बाई म्हणाल्या, "दादा, चार्ज करून आणायचं ना!" एका भोकासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बाणेर.

पावसात काम बसलं तेव्हा एक पॅक ड्रिलला तसाच लावून माळ्यावर टाकला. गणपतीच्या आधी काढला तर चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकतोय, चार्ज काही घेत नाही. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, मशीनला वर्षाची वॉरंटी, बॅटरीला सहा महिन्यांची. दोन चकरा, एकदा भांडण, आणि उत्तर काय, तर नवा पॅक घ्या, चोवीसशे रुपये. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर भाषा वेगळी असती.

मग बुधवार पेठेतल्या एका लॅपटॉप बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने पॅक उघडला. आत पाच सेल एकामागे एक जोडलेले. मीटर लावला, चार सेल साडेतीन व्होल्टच्या आसपास आणि एक दीडवर. म्हणाला, "पॅकमधला सर्किट बोर्ड या एकाच सेलवर जगतोय. तुम्ही महिनोन्‌महिने ठेवलात, त्याने तो चोखून घेतला." इतका खाली गेलेला सेल चार्ज करणं धोक्याचं, म्हणून चार्जर नकार देतो. म्हणजे चार्जर शहाणा, मीच येडा. उस्तादांच्या जुन्या निकेल-कॅडमियमच्या ड्रिलवर शिकलो होतो, पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करायचं नाही. लिथियमला उलट आहे, ते पार रिकामं ठेवायचं नसतं. महिनाभर काम नसेल तर निम्मा चार्ज ठेवून मशीनपासून काढून ठेवायचं.

एकच सेल बदल म्हटलं, तर तो ऐकेना. जुन्या चारांत नवा एक टाकला की सेलांचा चार्ज पुन्हा वरखाली होतो. पॉवर बँकेचे स्वस्त सेलही नको म्हणाला, बिट अडकलं की मोटर वीस-वीस अँपियर ओढते, ते सेल तापून बसतात. पाचही सेल चांगले टाकून मजुरीसकट तेराशे. अकराशे वाचले, पण बाणेरचं पेट्रोल त्यात धरलेलं नाही.

तिथेच कळलं की बाजारात २१ व्होल्टचं म्हणून विकतात ते बहुतेक हेच. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, पाच सेलांचे २१. कामात धरायचे ३.६ प्रमाणे १८. स्टिकर मोठा, बॅटरी तीच.

चार्जरबद्दलही मत बदललं. काम संपल्या संपल्या गरम पॅक लावला की तो थांबून राहतो, मला वाटायचं बिघडला. पॅक गार होईपर्यंत तो चार्ज करत नाही. मे महिन्यात पॅक फ्रीजमध्ये ठेवायचा मोह झाला होता. बायको ओरडली म्हणून वाचलो, नाहीतर आत पाणी धरलं असतं. आता पंख्याखाली अर्धा तास.

दिव्यांचा राग मात्र आहे तसाच आहे. सध्या भरलेल्या पॅकला रबर लावतो, वापरायला काढला की रबर मनगटावर. चाललं होतं बरं. परवा हाताखालच्या पोराने ते रबर काढून डब्याला लावलं, आणि मी वारज्याला दोन पॅक हातात घेऊन उभा, भरलेला कुठला ते कळेना.