बीपीचं मशीन: दंडाचं की मनगटाचं?

गिरगावच्या काकूंचा काल फोन, काकांचं वय ७२, डॉक्टरांनी घरी बीपी मोजायला सांगितलंय तर मशीन दंडाचं घेऊ की मनगटाचं. किमतीत एवढा काही फरक नाही, तो मुद्दा सोडाच.

खरी भानगड रीडिंगची. मनगटाचं मशीन हृदयाच्या लेव्हललाच धरावं लागतं, हात मांडीवर राहिला की आकडा उगाच जास्त येतो, आणि आपली म्हातारी माणसं मोजणार टीव्ही बघत बघत, मग १६० दिसलं की घरभर धावपळ! दंडाच्या मशीनला हात टेबलावर ठेवला की झालं, फक्त पट्टा मापाचा हवा, लहान पडला तर तिथेही आकडा चढतो. घालायला मनगटाचं सोपं, हे मान्य.

चहानंतर अर्धा तास थांबा, पाच मिनिटं गप्प बसा, हे दोन्हीला सेम. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

काकांना दंडाचंच घ्या. दंड इतका जाड की पट्टाच बसत नाही, अशांना मनगटाचं चालेल. ठोके अनियमित असतील तर दोन्ही गंडू शकतात, मग दवाखान्यातच मोजून घ्यायचं.