खोटे न बोलता सत्य झाकता येते का? एका ऑडिओ व्याख्यानमालेचे परीक्षण

असत्य बोलणे आणि सत्य न सांगणे यांकडे निरनिराळे धर्म कोणत्या दृष्टीने पाहतात, या विषयावरील मराठी ऑडिओ व्याख्यानमाला नुकतीच ऐकून पूर्ण केली. ‘सर्वच धर्म सत्य बोला असे सांगतात’ या गुळगुळीत विधानावर व्याख्याते थांबत नाहीत, ही तिची पहिली जमेची बाजू. खोटे बोलणे, मौन पाळणे, अर्धसत्य सांगणे आणि ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल अशी शब्दरचना जाणूनबुजून करणे या चार गोष्टी ते आरंभीच वेगळ्या काढतात, आणि पुढची बहुतेक चर्चा या भेदांच्या आधारानेच चालते.

सर्वांत सरस उतरले आहे ते महाभारतावरील व्याख्यान. ‘नरो वा कुंजरो वा’ हा प्रसंग आपल्याकडे इतका घासून गुळगुळीत झाला आहे की तिथे नवे काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा नव्हती, आणि तसे मिळालेही नाही. व्याख्यात्यांनी खरा वेळ दिला आहे तो कर्णपर्वातील कौशिकाच्या कथेला. सदैव सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याला दरोडेखोर विचारतात की पळून आलेली माणसे कुठे गेली. तो वाट दाखवतो, ती माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक, असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची प्रतिज्ञा पाळण्यासाठी अर्जुन युधिष्ठिरावरच शस्त्र उगारतो, त्या वेळी कृष्ण त्याला ही कथा सांगतो, हा संदर्भ व्याख्यानात नीट उलगडला आहे. न बोलून सुटका होत असेल तर बोलूच नये. पण बोलणे भाग पडले, किंवा मौनामुळेच संशय बळावणार असेल, तर तिथे असत्य बोलणे अधिक श्रेयस्कर, हा कृष्णाचा निर्णय शब्दशः समजावून दिला आहे. गप्प बसणे नेहमीच निर्दोष नसते, मौनही चुगली करू शकते, ही सूक्ष्म गोष्ट त्यातून हाती लागते.

ख्रिस्ती परंपरेवरील व्याख्यानही अभ्यासपूर्ण आहे. संत ऑगस्टिन यांनी असत्याचे आठ प्रकार पाडले आणि त्यांतला एकही निष्पाप मानला नाही, हे सांगताना व्याख्याते त्यांनीच दिलेले फर्मस या बिशपचे उदाहरण घेतात. आश्रयाला आलेल्या माणसाचा ठावठिकाणा विचारणाऱ्या राजसेवकांना फर्मस म्हणतो, ‘मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला तुमच्या स्वाधीनही करणार नाही’. त्यासाठी छळ सोसतो आणि शेवटी सम्राटाकडून त्या माणसाला क्षमा मिळवतो. पुढे मनातल्या मनात वाक्याला पुस्ती जोडून ऐकणाऱ्याला चकवण्याची युक्ती काही धर्मशास्त्रज्ञांनी मान्य केली आणि अखेर पोप इनोसंट अकरावे यांनी 1679 साली तिच्या टोकाच्या रूपांचा निषेध केला, हा इतिहास मात्र फार भरभर आटोपला आहे.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. कौशिक आणि फर्मस या दोघांना जवळजवळ एकच प्रश्न विचारला गेला होता. तरीही व्याख्याते त्यांना शेजारी बसवत नाहीत. फर्मसच्या मौनाची किंमत त्याने स्वतःच्या देहावर चुकती केली, तर कौशिकाच्या सत्यव्रताची किंमत दुसऱ्यांच्या प्राणांनी चुकती झाली. किंमत कोण मोजतो, हा प्रश्न धरून सगळी व्याख्याने गुंफली असती तर ही माला केवळ माहितीपूर्ण न राहता विचारप्रवर्तक झाली असती. त्याऐवजी अखेरीस कोणत्या धर्मात काय ‘चालते’ आणि काय ‘चालत नाही’ याची जंत्री वाचून दाखवली आहे, जी आधीच्या साऱ्या बारकाव्यांवर पाणी फिरवते.

या जंत्रीचा सर्वाधिक फटका इस्लामला बसला आहे. युद्ध, भांडणाऱ्यांमध्ये समेट आणि पती-पत्नीतील संभाषण या तीन अपवादांची हदीस (पैगंबरांच्या वचनांची परंपरा) सांगितली आहे. पण तकिय्याचा उल्लेख इतका ओझरता आहे की अनभिज्ञ श्रोता त्याला फसवणुकीचा सर्वसाधारण परवाना समजेल. जिवावर बेतले असता श्रद्धा लपवण्याची ती मुभा आहे. छळाखाली तोंडाने धर्म नाकारलेल्या, पैगंबरांचे सहकारी अम्मार इब्न यासिर यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो, आणि विरोधी सत्तांखाली अल्पसंख्य म्हणून जगलेल्या शिया समाजात तिचा विचार अधिक विस्ताराने झाला. एवढे सांगायला फार तर चार-पाच मिनिटे लागली असती.

बौद्ध परंपरेवरील भाग छोटा पण नेटका आहे. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, ते फेकून आणि मग भांडे पालथे करून बुद्ध राहुलाला जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य (भिक्षुपण) कसे पोकळ असते ते शिकवतात आणि थट्टेतही खोटे न बोलण्याचा धडा देतात, हा प्रसंग व्याख्यात्यांनी कोणतीही भर न घालता सांगितला आहे. यहुदी परंपरेतील हिल्लेल आणि शम्माय या प्राचीन धर्मगुरूंच्या शिष्यपरंपरांचा, वधू कशीही असली तरी तिला सुंदर म्हणावे की नाही यावरचा वादही खुमासदार रंगला आहे.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, उच्चार स्पष्ट आहेत. मात्र मूळ वचनांचे संदर्भ लेखी दिलेले नाहीत, त्यामुळे पडताळणी करू पाहणाऱ्याला व्याख्यान पुन्हा मागे नेऊन ऐकावे लागते. परिचयात ‘सर्व धर्म’ असे म्हटले असले तरी जैन धर्माला, ज्यात सत्य हे पाच महाव्रतांपैकी एक आहे, केवळ ओझरता स्पर्श झाला आहे आणि शीख परंपरेचा उल्लेखही नाही. सत्य झाकण्यावरील मालेच्या जाहिरातीत तरी एवढी पारदर्शकता हवी होती. महाभारत आणि ऑगस्टिन यांवरील दोन व्याख्यानांसाठी ही माला घेण्यास हरकत नाही. ती दोन्ही लागोपाठ ऐकावीत आणि शेवटची जंत्री वगळावी.