हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि विस्तारलेल्या कंपनीची ग्राहकसेवा

आमच्या कार्यालयात चार वर्षांपासून हिशेबाचे एक सॉफ्टवेअर वर्गणी भरून वापरले जाते. ते तयार करणाऱ्या कंपनीने गेल्या वर्षी मोठी नोकरभरती केली. तिचा ग्राहकसेवेवर काय परिणाम झाला, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

पूर्वी तक्रार नोंदवली की तो भाग लिहिणारा अभियंताच बहुधा फोनवर येत असे. भरतीनंतर हे बदलले. एका बिलात ओळींची बेरीज आणि एकूण रक्कम यांत दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानी एकाचा फरक येत होता. ही तक्रार चार जणांच्या हातांतून गेली, प्रत्येकाने नव्याने स्क्रीनशॉट आणि आवृत्ती क्रमांक मागितला, आणि दोघांनी तर प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला सांगितले. अकराव्या दिवशी एका जुन्या अभियंत्याने तो दोष दोन मिनिटांत ओळखला. रकमा फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात, म्हणजे दशांश आकडे द्विमान पद्धतीत अंदाजे मांडणाऱ्या स्वरूपात, साठवल्या जात होत्या, ज्यात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, आणि असे सूक्ष्म फरक पूर्णांकन करताना कधीतरी वर येतात.

नव्या मुलांना बोल लावणे मला पटत नाही. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवले आहे. नव्यांना शिकवण्याचा वेळ जुन्यांच्याच कामातून जातो आणि एकमेकांशी बोलण्याच्या जोड्याही वाढतात, म्हणजे 5 माणसांत 10, तर 20 माणसांत 190. ग्राहकसेवेतही तेच घडताना आम्ही पाहिले.

सहा महिन्यांनी मात्र कंपनीने प्रत्येक तक्रारीला अखेरपर्यंत एकच जबाबदार व्यक्ती नेमायला सुरुवात केली, आणि फरक लगेच जाणवला. गेल्या महिन्यात वार्षिक अहवाल अडला, तेव्हा नव्यानेच रुजू झालेल्या मुलीने आमचा जुना पत्रव्यवहार आधीच वाचलेला होता. "रकमांचा तोच प्रश्न पुन्हा आला आहे का, ते आधी बघते," असे ती म्हणाली आणि तासाभरात काम मार्गी लागले. ते ऐकून मला मनापासून बरे वाटले.

एक उणीव अजून आहे. नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या टिपणात "किरकोळ दुरुस्त्या" याहून जास्त काही नसते, आणि हिशेबाच्या कामात ते चालण्यासारखे नाही. म्हणून यंदा आम्ही तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाची वर्गणी भरली आहे.