अमेरिकेतून आलेला फोन: वाळपईतले सात महिने

चवथीला मावसभाऊ अमेरिकेहून आला, तो माझ्यासाठी फोन घेऊनच. खोक्यावर ‘५जी’ ठळक, तिथल्या ऑपरेटरचं लॉक आधीच काढलेलं. लॉक नाही म्हणजे कुठलंही कार्ड चालणार, असा माझा समज.

कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन झकास. अडचण एकच, फोनवरून फोन करता येत नाही.

जिओचं कार्ड घातलं. नेट लगेच सुरू, व्हॉट्सॲप धडाधड. कॉल मात्र लागेना. दोष कार्डाचा नाही, जुन्या फोनात तेच खणखणीत चालतं. जिओ २०१६ साली आलं ते ४जी घेऊनच, मागे २जी-३जी काही नाही. त्यामुळे बोलणंही ४जीवरूनच जातं, म्हणजे व्होल्टीवर. आणि व्होल्टीला नुसता बँड, म्हणजे लहरींचा ठरलेला पट्टा, जुळून भागत नाही. त्या ऑपरेटरची सेटिंग्ज फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागतात. माझ्या मॉडेलमध्ये आहेत ती अमेरिकन ऑपरेटरांची. घरच्या वायफायवरून वायफाय कॉलिंग करू म्हटलं, तर तिथेही तेच रडगाणं.

मग ज्यांच्याकडे २जी अजून आहे अशांचं कार्ड घेतलं. कॉल लागतो, पण लागला की फोन ४जी सोडून २जीवर उतरतो आणि नेट बसतं. पणजीच्या मासळी मार्केटात बांगड्यांचे पैसे यूपीआयने देत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन: सुंगटं (कोळंबी) पण घ्या. पेमेंट गोल गोल फिरत राहिलं. मासळीवाली एकदा माझ्याकडे, एकदा मागच्या गिऱ्हाइकांकडे बघतेय. शेवटी शेजारच्याकडून रोख उसने घेतले.

बँडांची गंमत घरी कळली. आमचं घर वाळपईच्या पुढे, चिऱ्याच्या जाड भिंती, मागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. इथे आत शिरतात त्या खालच्या बँडांच्या, ७००, ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी. २३०० ची पोच तोकडी. ८५० चा बँड ५ अमेरिकेतही आहे, म्हणून घरात नेट मिळतं. २३०० चा बँड ४० माझ्या मॉडेलमध्ये नाहीच, त्यामुळे पणजीत, जिथे वेग मिळायला हवा, तिथेच फोन रांगतो. बीएसएनएलचं ४जी ७०० वर आहे हे कळलं आणि फोनच्या यादीत ७०० दिसलं, तेव्हा मी हरखलोच होतो. पण अमेरिकेतलं ७०० म्हणजे बँड १२, १३, १७. आपल्याकडचं ७०० म्हणजे बँड २८. आकडा एकच, तुकडे वेगळे. ५जीचं म्हणाल तर सात महिन्यांत त्याचं चिन्हसुद्धा दिसलं नाही.

सगळेच परदेशी फोन असे नसतात. मित्राकडे अमेरिकेतला आयफोन १४ आहे. त्याला कार्डाची फटच नाही, ई-सिम घ्यावं लागलं, पण कॉल व्यवस्थित लागतात. नाव एकच असलं तरी देशागणिक मॉडेल नंबर बदलतो, आणि त्याबरोबर बँडही. हे मला खोकं फोडायच्या आधी कुणी सांगायला हवं होतं.

आता जुना फोन पुन्हा खिशात आलाय आणि हा कुळागरातले फोटो काढायला. परवा मावसभावाने विचारलं, ताईसाठी असाच एक पाठवू का. मी आधी मॉडेल नंबर मागवला. २८ नाही, ४० नाही. नको म्हणून कळवलं.