पहाटेच्या पळण्यासाठी बिनअस्तराचा विंडचीटर

दिवाळीला गावी जाणं जमलं नाही आणि सुट्टीत पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळायला सुरुवात करायची असेल, तर बिनअस्तराचा पॉलिस्टर विंडचीटर ही उत्तम खरेदी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, पण दहा मिनिटं पळलं की अंग तापतं. अस्तरवाल्या जाकिटात घाम कोंडतो आणि थांबताच तोच गार पडून हुडहुडी भरते. काखेत आणि पाठीवर जाळी हवीच! चेनच्या वरच्या टोकावर कापडी पट्टी नसेल तर हनुवटी सोलते. आत सुती बनियन घालू नका, ओला राहतो. उणीव एकच: खिसे उथळ असतात, मोबाइल हिंदकळतो, तो कमरपट्ट्यात ठेवा. फराळ पळून आल्यावरच. चकली-शंकरपाळ्यांचं तळण पचायला वेळ घेतं, धावताना पोटात दुखतं.